जाहिरातीतले औषध : काल कोणाला विकले, आज कोणाला विकतात?

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ निघाले. नव्या पाक्षिकाची जाहिरात पैसे घेऊन छापावी, अशी विनंती ‘केसरी’ला केली होती. ‘केसरी’ने ती छापली नाही. हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी जयंतीच्या भाषणांत ऐकलेला असतो. भाषणात तो एवढ्यावरच संपतो. आम्ही आरोग्याचे काम करणारी माणसे, त्यामुळे आमच्या मनात पुढचा प्रश्न येतो. आपल्या मुक्या समाजाच्या पत्राला पैसे देऊनही जागा मिळत नव्हती, त्या काळात वृत्तपत्रांच्या जाहिरातींच्या पानांवर जागा मिळत होती कोणाला?

जुन्या पत्रांची पाने चाळली की उत्तर समोर येते. सर्वांत जास्त जागा औषधांना होती. तापाची मिक्श्चरे, शक्तीच्या गोळ्या, बाळांची अमृते, केसांची तेले आणि रक्त शुद्ध करणारे काढे यांनी ती पाने भरलेली असत. बातम्यांत राजकारण असते, अग्रलेखात विचार असतात. लोक घरात कशाने आजारी पडत, कशाला घाबरत आणि कोणाच्या खिशात पैसा होता, हे मात्र जाहिरातींतूनच कळते. म्हणून आजच्या आरोग्यपानावर आपण ही जुनी पाने वाचू या. शेवटी आपल्या आजच्या घरात येऊ.

पानावर कोण दिसते

मुंबईत १८२२ मध्ये गुजराती ‘मुंबई समाचार’ आणि १८३२ मध्ये मराठी ‘दर्पण’ निघाले. पुढे पत्रे वाढली आणि जाहिरातीही वाढल्या. १८७७ मध्ये टपालखात्याने व्ही. पी. पी. सुरू केली. पोस्टमन पुडके आणून देई आणि पैसे तेव्हाच घेई. त्यामुळे मुंबईतला औषधवाला रत्नागिरीच्या किंवा नागपूरच्या माणसालाही बाटली विकू लागला.

देशी कारखानेही उभे राहिले. पनवेलचे धूतपापेश्वर १८७२ चे. अमृतांजन १८९३ मध्ये मुंबईत सुरू झाले. झंडू १९१० चे. वरळीच्या बाटलीवालांचे हिवतापाचे औषध आणि गिरगावच्या डोंगऱ्यांचे बालामृत ही नावे घरोघर पोहोचली. विलायतेहून साबण आला. १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाची खोकी उतरली. १८९५ च्या सुमारास लाइफबॉय आला. शिवणयंत्र, घड्याळ, चष्मा, सायकल आणि डब्यातले बाळान्न यांच्याही जाहिराती असत.

हे सगळे कोणासाठी होते? ज्याला वाचता येते आणि महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, त्याच्यासाठी. म्हणजे कारकून, मास्तर, वकील, व्यापारी. गावाबाहेर राहणारा, पाणवठ्यावर जाऊ न शकणारा माणूस त्या पानावर गिऱ्हाईक म्हणून दिसत नाही. उलट त्याला दूर ठेवले आहे, हेच काही वेळा मालाचे कौतुक म्हणून सांगितले जाई. १८९८ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या हिंदू बिस्किट कंपनीने आपली बिस्किटे उच्चवर्णीयांच्या हातची आहेत, हेच विक्रीचे कारण केले होते. बिस्किटाची चव कशी, हा प्रश्न नंतरचा. कोणाचा हात लागलेला नाही, ते आधी.

बाटलीत काय होते

आता परिचारिकेच्या नजरेने बाटलीकडे पाहू.

‘क्लोरोडाइन’ नावाचे एक औषध इंग्रजी पत्रांत सतत झळके. ब्रिटिश सैन्यातील डॉ. कॉलिस ब्राउन यांनी ते १८४८ च्या सुमारास पटकीसाठी तयार केले होते. त्यात अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क होता. रोग्याला गुंगी येई, पोटातली कळ थांबे, जुलाबही मंदावत. घरच्यांना वाटे, उतार पडला. पण पटकीत माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, आणि अफू ते पाणी परत आणून देत नाही.

पटकीचे खरे साधे औषध पुढे सिद्ध झाले. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारो जीव वाचवले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. आजही घरात जुलाब लागले आणि ओआरएसचे पाकीट नसले, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवावे आणि घोट घोट पाजत राहावे. दोन रुपयांतही हे होते, म्हणून त्याची मोठी जाहिरात कोणी करत नाही.

दुसरे उदाहरण बीचमच्या गोळ्यांचे. ही इंग्रज कंपनी जाहिरातींवर अफाट खर्च करी. ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेने १९०९ मध्ये अशा गुप्त औषधांची रासायनिक तपासणी करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. बीचमच्या गोळीत निघाले काय? कोरफडीचा वाळवलेला रस म्हणजे आपल्या आज्यांचा काळाबोळ, सुंठ आणि साबण. ५६ गोळ्यांची डबी एक शिलिंग दीड पेनीला विकली जाई. आतला माल अर्ध्या फार्दिंगचा होता. फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा भाग. हिशेब केला तर मालापेक्षा किंमत शंभरपटीहून जास्त होती. बाकीचा पैसा जाहिरातीचा आणि नफ्याचा.

तिसरे औषध ग्राइपवॉटर. १८५१ मध्ये इंग्लंडात वुडवर्ड यांनी ते काढले. शेपेचे तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि मद्यार्क असे ते मिश्रण होते. बाळ शांत होई, यात नवल नाही. थोडी दारू आणि साखर पोटात गेली की कोणीही शांत होते. पुढे त्यातला मद्यार्क काढून टाकावा लागला.

भीती आधी, गोळी नंतर

औषध विकायचे तर आधी आजार विकावा लागतो. शक्तिवर्धक गोळ्यांच्या जाहिरातींत हे स्पष्ट दिसते. जामनगरच्या वैद्यशास्त्री मणिशंकर गोविंदजी यांच्या आतंकनिग्रह गोळ्यांची जाहिरात देशभरातील पत्रांत होती. तरुणांना सांगितले जाई की तुमची ताकद वाया गेली आहे, संसार करण्यास तुम्ही नालायक झाला आहात, पण ही डबी मागवा. १९३० च्या दशकात हॉर्लिक्सने ‘रात्रीची उपासमार’ नावाचा आजारच शोधून काढला. झोपेत शरीर उपाशी राहते, म्हणून सकाळी थकवा येतो, असा तो दावा. ज्यांच्या घरी दोन वेळची भाकर होती त्यांना ही झोपेतली भूक विकली गेली. ज्यांची उपासमार दिवसाढवळ्या चालू होती, त्यांच्यासाठी त्या पानावर काही नव्हते.

गोऱ्या रंगाचे वेडही त्याच पानांवर वाढले. १९१९ मध्ये मुंबईत ‘अफगाण स्नो’ निघाली. स्नो म्हणजे बर्फ, पांढरेशुभ्र. बाईचा चेहरा कसा असावा, हे आता डबी ठरवू लागली.

त्याच काळात र. धों. कर्वे यांनी वेगळी वाट धरली. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. शरीराविषयी ते शास्त्राला धरून, उघड आणि बिनधास्त लिहीत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू न्यायालयात बाबासाहेबांनी मांडली. विचार करा. नामर्दपणाची भीती घालून गोळ्या विकणे चालत होते, आणि शरीराची खरी माहिती देणे गुन्हा ठरत होता.

गिरणीतली आई आणि बाळागोळी

एका गोळीला मोठ्या जाहिरातीची गरजच नव्हती. ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळे. तिचे नाव बाळागोळी, आणि तिच्यात अफू असे.

मुंबईच्या गिरण्यांत आपल्या समाजाच्या कितीतरी बाया कामाला होत्या. दिवसाचे दहा-अकरा तास काम. पाळणाघर नाही, बाळंतपणाची पगारी रजा नाही. घरी तान्हे रडत राहिले तर सांभाळायला कोण? मग निघताना बाळाच्या तोंडात अफूचा कण. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरने १९२२ मध्ये गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली. या बायांच्या शंभर तान्ह्यांपैकी ९८ जणांना अफू दिली जात असल्याचे तिला आढळले.

अफूने बाळ झोपते, पण त्याचा श्वासही मंद होतो. ते अंगावर पीत नाही, त्याला शौचास होत नाही, ते सुकत जाते. त्या आया अडाणी होत्या, निष्काळजी होत्या, असे त्या वेळीही म्हणणारे होते. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्या बाईला बाळ आणि रोजी यांतून एक निवडायला लावले, तिला दोष देण्याआधी गिरणीमालकाला विचारले पाहिजे.

हेच बाबासाहेबांनी केले. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात मातृत्व लाभाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. खरे तर हा भार सरकारने उचलावा, पण सरकार उचलत नाही आणि बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तेव्हा त्यानेही आपला वाटा द्यावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. बाळाच्या रडण्यावरचे औषध गोळीत नव्हते. ते आईच्या हक्काच्या रजेत होते.

ज्यांच्यासाठी डॉक्टरच नव्हता

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवीत डॉ. अकासिओ विएगस यांनी तो ओळखला. भीती पसरली तशा प्लेगवर हमखास उपाय सांगणाऱ्या जाहिरातीही निघाल्या. त्या बाटल्यांनी प्लेग थांबला नाही. त्या साथीत काम करताना नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले. पुण्याजवळ मुंढव्याच्या महारवाड्यातील बाबाजी गायकवाड यांच्या आजारी मुलाला, पांडुरंगला, सावित्रीबाई फुले यांनी पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

आणखी एक नोंद आम्ही प्रत्येक प्रशिक्षणात वाचून दाखवतो. १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र छापून आले. बाबासाहेबांनी ते आपल्या आठवणींच्या टिपणांत घेतले आहे. शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या बड्या लोकांचा शब्द आणि दोन रुपये फी यांवर तो आला, पण ओल्या बाळंतिणीला वस्तीबाहेर आणायला लावले. त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. न्युमोनिया आहे, असे डॉक्टर लांबूनच म्हणाला. पुन्हा पाहायला तो आला नाही. बाई गेली.

वृत्तपत्रांत ‘घरबसल्या औषध मागवा’ असे रोज छापून येत होते, त्याच काळातली ही गोष्ट आहे. बाटलीला शिवाशीव नव्हती, पैसे भरले की ती येई. डॉक्टराच्या हाताला ती होती. डॉक्टर दारात येत नाही, तेव्हा माणूस बाटलीवर, गंड्यादोऱ्यावर, भगतावर विसंबतो. जाहिरातीतल्या औषधाचे बळ याच पोकळीतून येते.

पत्रांच्या या व्यवहारावर बाबासाहेबांचे बारीक लक्ष होते. पत्र जाहिरातींच्या उत्पन्नावर चालते, जाहिराती व्यापाऱ्यांच्या हातात असतात आणि व्यापारी आपल्या बाजूला नाहीत, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. १९४३ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावरील व्याख्यानात ते म्हणाले की पूर्वी व्यवसाय असलेली वृत्तपत्रे आता धंदा झाली आहेत आणि साबण बनवण्यापेक्षा जास्त नैतिकता त्यांत उरलेली नाही. ‘बहिष्कृत भारत’चे रकाने मात्र ते स्वतः एकहाती लिहून काढत.

कायदा आला, धंदा बदलला

गोळीत काय आहे हे सांगायला लावणारा कायदा लगेच झाला नाही. १९३०-३१ मध्ये कर्नल चोप्रा यांच्या समितीने देशातील औषधांच्या बाजाराची चौकशी केली. १९४० मध्ये औषध कायदा आला. स्वतंत्र भारतात १९५४ मध्ये औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा झाला. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, क्षय, कुष्ठरोग, अर्धांगवायू, फिट्स, कोड, लठ्ठपणा, उंची वाढवणे, स्त्रीचे वांझपण, पुरुषाची दुर्बलता अशा दुखण्यांवर उपायाची जाहिरात करण्यास या कायद्याने बंदी आहे. ताईत, मंत्र, कवच यांनी रोग बरा होतो अशी जाहिरातही गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. १९९२ च्या कायद्याने बाळाच्या डबाबंद दुधाची आणि दूध पाजायच्या बाटलीची जाहिरात बंद केली.

तरीही लोकलच्या डब्यातले स्टिकर, भिंतीवरचे रंग, केबलवरचा बाबा आणि मोबाइलवरचा निरोप बघा. भाषा शंभर वर्षांपूर्वीचीच आहे. एक गोष्ट बदलली. तेव्हा आपण गिऱ्हाईक नव्हतो, आज आपणच मोठे गिऱ्हाईक आहोत. आपली मुले शिकली, घरात कमाई आली, आणि विकणाऱ्याला वस्तीचा पत्ता सापडला.

घरात येणारी प्रत्येक बाटली अशी तपासा

घरभेटींत आम्हाला जे दिसते, त्यावरून काही गोष्टी सांगतो.

सांधेदुखीची बिननावाची पुडी : दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो, म्हणून आजी खूश होते. अशा पुड्यांत बरेचदा स्टेरॉइड मिसळलेले असते. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करू नका. पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना दाखवा.

गोरे करणारी ट्यूब : काहींत तीव्र स्टेरॉइड असते. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. कातडी पातळ होते, लाल होते, तोंडावर लव वाढते. आपल्या मुलींचा रंग हा आजार नाही.

बाळाची घुटी आणि अमृत : पहिले सहा महिने आईचे दूध पुरते. वरचे पाणीही नको. बाळ सतत रडत असेल तर ताप, कान, पोट तपासून घ्या. गुंगीचे काहीही देऊ नका.

सिकलसेल मुळापासून बरा करतो असा दावा : विदर्भात आपल्या समाजात हा आजार मोठ्या प्रमाणात आहे. तो रक्तात जन्मापासून असतो, काढ्याने जात नाही. सरकारी रुग्णालयात तपासणी होते, फॉलिक ॲसिड आणि गरजेप्रमाणे हायड्रॉक्सियुरिया मिळते. नियमित उपचाराने मूल शाळेत जाते, मोठे होते. लग्न जमवताना पत्रिका बघण्यापेक्षा दोघांचे रक्त तपासा.

साखर-रक्तदाबाची गोळी सोडायला सांगणारा कोणीही : त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

आणि प्रत्येक वेळी चार प्रश्न विचारा. आत काय आहे, ते लिहिले आहे का? बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, मुदत आहे का? ‘गॅरंटी’ शब्द आहे का? असेल तर संशय घ्या. विकणाऱ्याला आपण बरे होण्यात फायदा आहे की आपण घाबरण्यात? फसवी जाहिरात दिसली तर तिचा फोटो काढा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. महिला मंडळाच्या किंवा विहाराच्या नावाने, दहा सह्यांनी तक्रार गेली तर तिला वजन येते.

तथागतांनी केसमुत्त गावच्या कालामांना हेच सांगितले होते. परंपरा आहे म्हणून, सांगणारा मोठा दिसतो म्हणून मानू नका. स्वतः तपासा, हितकारक असेल तर घ्या. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की अर्धा तास काढा. प्रत्येकीने घरातली एक बाटली, एक ट्यूब, एक पुडी सोबत आणावी आणि वस्तीतल्या आशाताईंना बोलावून सगळ्यांनी मिळून वेष्टणे वाचावीत. आपल्या आज्यांना ही अक्षरे वाचता येत नव्हती, कारण त्यांना वाचू दिले नव्हते. आपल्याला वाचता येतात.

जयभीम! नमो बुद्धाय!